आठ आकड्यांचं पाकीट

संस्थेत तिला तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठ वळली की कमीजास्तबाई. हे नाव तिनं स्वतःच्या जिभेनं कमावलं होतं. बस साडेनऊला येते असं कुणी सांगितलं की ही विचारणार, कमीजास्त किती? नणंदेच्या मुलासाठी सांगून आलेली मुलगी पाच फूट तीन इंच आहे असं घरी कौतुकानं सांगितलं गेलं, तेव्हाही ही शांतपणे म्हणाली, कमीजास्त किती, आणि चपलांसकट की चपलांशिवाय? नणंद तीन महिने बोलली नाही. पुढे मुलगी पाच फूट एक निघाली, तेव्हा नणंद आणखी तीन महिने बोलली नाही.

ताईचं राज्य तळघरात होतं. तिथे उंच कपाटांमध्ये गणकयंत्रांच्या रांगा घोंघावत असत, समोरून बर्फासारखी हवा आणि मागून भट्टी. सव्वीस वर्षं ती तिथे स्वेटर घालून बसली. भर उन्हाळ्यात बाईच्या अंगात स्वेटर बघून इमारतीतल्या शेजारणींनी तिला कसले कसले आजार चिकटवले होते, आणि एकीनं तर काढाही पाठवला होता. पदार्थविज्ञानातली पीएचडी ती अर्ध्यावर सोडून आली होती. वडील अंथरुणाला खिळले, दोन वर्षं गेली, आणि मग परत विद्यार्थी होण्याऐवजी तिनं यंत्रं सांभाळायची नोकरी धरली. कधी हळहळली नाही. निदान कुणाला ऐकू येईल अशी नाही.

त्याच सुमारास भाऊ आला. हाडकुळा, दोन शर्टांचा मालक, बोलताना घशात अडखळणारा. यंत्रावर काम कसं लावायचं हे त्याला ताईनं शिकवलं. जेवायला तिच्याकडे, प्रबंध लिहायला तिचं टेबल, पहिल्या व्याख्यानाला घालायचा शर्ट तिच्या नवऱ्यानं शिवलेला. नवरा शिंपी. मापाच्या बाबतीत तोही बायकोइतकाच हट्टी, त्यामुळे संसार उत्तम चालला होता. भाऊ पुढे प्राध्यापक झाला, मग गटाचा प्रमुख झाला, घसा मोकळा झाला, पोट सुटलं. पण तो तिला ताईच म्हणे, ती त्याला भाऊ, आणि त्याच्या घराची एक किल्ली हिच्याकडे, हिच्या घराची एक त्याच्याकडे. सख्ख्यांमध्ये एवढं नसतं, असं लोक म्हणत. म्हणताना थोडं नाकही मुरडत.

आता हे करत काय होते? अणूच्या गाभ्यातले कण एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की तो ऐवज तापवला आणि दाबला तर त्याचा दाब किती होईल, त्यात उष्णता किती मावेल आणि कुठे तो एकदम पालटेल, हे कागदावर सुटत नाही. म्हणून जागेचे आणि काळाचे चौकोन पाडून जाळी विणायची, त्या जाळीवर त्या ऐवजाच्या हजारो शक्य अवस्था यंत्राकडून काढायच्या आणि सरासरी घ्यायची. नुसतं तापवायचं असेल तर हे निभतं. दाटी वाढवली की पंचाईत. मग अर्ध्या अवस्था अधिकच्या बाजूनं बोलतात आणि अर्ध्या उण्याच्या. एखाद्या इमारतीत नव्या सुनेची चौकशी करावी, तळमजल्यानं तासभर तिला देवी म्हणावं, वरच्या मजल्यानं तासभर कैदाशीण, आणि वजाबाकी करून आपल्या हाती चिमूटभर काहीतरी उरावं, तसंच हे. ती चिमूट म्हणजे सत्य की नुसता गलका, हे यंत्रालाही सांगता येत नाही.

त्यावर तोड म्हणजे दाटीत शिरायचंच नाही. उंबऱ्यावर उभं राहायचं, दाटी शून्य असतानाच तो ऐवज किती चुळबुळतो ते मोजायचं आणि त्यावरून पायरी पायरीनं आत काय असेल ते ताडायचं. पहिली पायरी सोपी, दुसरी बरी, तिसरीला मात्र गलकाच जास्त. ताईनं हे एकदा नवऱ्याला समजावलं होतं. तो कात्री खाली ठेवून म्हणाला होता, "म्हणजे गिऱ्हाइकाचा नुसता खांदा दारातून दिसतोय आणि तुम्ही पँटची उंची कापताय." ताई म्हणाली, बरोबर, फक्त तो खांदाही हलतोय.

तिसऱ्या पायरीचे आलेखावर आठ ठिपके होते, आठ तापमानांचे. सुरुवातीच्या किती अवस्था कच्च्या म्हणून टाकून द्यायच्या, कुठे थांबायचं, यावर एकेक ठिपका शेकडा दहा-वीसनं वरखाली सरकतो. आणि माणसाचा हात असा की मनासारखं उत्तर दिसलं की तिथेच थांबावंसं वाटतं. यात लबाडी नसते, हौस असते. त्या हौसेला लगाम म्हणून ताईनं एक पद्धत घालून दिली होती. दर तापमानाच्या माहितीला ती एका गुप्त आकड्यानं गुणून ठेवी, कुठे शून्य पूर्णांक सत्त्याऐंशी, कुठे एक पूर्णांक चौदा. ते आठ आकडे यंत्रानं कसेही उधळलेले असत. ती ते हातानं कागदावर लिही, कोपऱ्यात तारीख घाली, पाकीट चिकटवून झडपेवर सही करी आणि पोलादी कपाटात ठेवी. सगळा गट त्या सोंग घेतलेल्या माहितीवर काम करी. सगळं ठरलं, सगळ्यांच्या सह्या झाल्या, की मग चारचौघांत पाकीट उघडायचं, आकड्यांनी भागायचं आणि जे येईल ते गोड मानायचं. नंतर एक टिंबही हलवायचं नाही.

शोधनिबंधात लेखक म्हणून ताईचं नाव कधी नसे. शेवटी एक ओळ असे, पाकीट अखेरपर्यंत बंद होतं, आणि साक्षीला तिचं नाव. जगभरच्या शहाण्या माणसांनी त्या ओळीवर विश्वास ठेवावा एवढं तिचं वजन होतं. सव्वीस वर्षांची कमाई म्हणजे ती ओळ.

भाऊला त्या आठ ठिपक्यांत एक उंचवटा हवा होता, तिसऱ्या तापमानाशी. तो असेल तर त्या ऐवजाचं पालटणं जिथून एकदम घडायला लागतं ती जागा सापडली असं म्हणता आलं असतं. दहा वर्षं तो प्रत्येक व्याख्यानात ती जागा आहेच असं सांगत होता. इतकं की ती जागा त्याच्या सासुरवाडीचीच असावी, असं उपप्रमुख म्हणत. उपप्रमुख म्हणजे एक टक्कल पडलेले, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांना सगळं उशिरा कळतं असा लोकांचा समज होता, आणि तो खोडायचे कष्ट त्यांनी घेतले नव्हते.

त्या वर्षी ताईनं आकडे काढले, पाकीट बंद केलं, आणि पुढच्याच आठवड्यात नवऱ्याचं ऑपरेशन निघालं. नऊ दिवस ती दवाखान्यातल्या बाकावर होती. जाताना कपाटाची किल्ली भाऊच्या हातात दिली. कपाटात बाकीचंही सामान होतं, कुणाला काही लागलं तर अडायला नको. आपल्या माणसाला किल्ली देताना कुणी विचार करतं का?

ती परत आली, आणि महिन्याभरात तळघरातला गारवा बंद पडून डिस्कांचं एक कपाट तापून गेलं. सोंग घेतलेल्या फायली गेल्या. नशीब असं की त्यांच्यावर कुणी काम सुरू केलं नव्हतं आणि मूळ माहिती दुसरीकडे शाबूत होती. ताईनं फायली पुन्हा तयार केल्या. एकदा वापरलेले आकडे पुन्हा वापरायचे नाहीत हा तिचाच नियम, म्हणून आठ नवे आकडे काढले, नव्या कागदावर लिहिले आणि कागद यंत्रांच्या नोंदवहीत त्या दिवसाच्या पानाशी ठेवला. दुपारी पाकिटात घालू, जुना कागद फाडू. दुपारी नवऱ्याला टाके दुखायला लागल्याचा फोन आला. ती धावत गेली. नवा कागद वहीतच राहिला, जुना पाकिटातच. फायली परत आल्या एवढंच गटाला कळलं, आकडे बदलल्याचं कुणाला नाही. अशी चूक जगात फक्त ताईसारख्याच बाईकडून व्हावी. इतरांकडे मुळात बदलायला पाकीटच नसतं.

सहा महिन्यांनी पाकीट उघडलं. सगळा गट जमला होता, संचालकबाई खास वरच्या मजल्यावरून आल्या होत्या, चहा आणि बिस्किटं मांडली होती. उपप्रमुखांनी पाकीट फाडलं, आकडे वाचून यंत्राला दिले, आणि पडद्यावर रेघ उमटली. आठही ठिपके हारात ओवल्यासारखे, आणि तिसऱ्यापाशी असा ऐटदार उंचवटा की टाळ्यांचा कडकडाट झाला. भाऊनं डोळे पुसले. ताईच्याही पोटात आनंद मावेना. आपल्या भावाचं सोनं झालं, एवढंच तिला दिसत होतं.

मग आठवण म्हणून जपून ठेवू या, म्हणत तिनं टेबलावरचा कागद उचलला. कोपऱ्यात तिच्याच अक्षरात तारीख होती, ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यातली.

आपण जुनाच कागद ठेवला. सव्वीस वर्षांत एकदाही नाही आणि आज, एवढ्या लोकांत. ती तळघरात उतरली, नोंदवही उघडली, नवा कागद मिळाला. आधी वाटलं, तसंच वर जावं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकावं. दाराशी पोचली आणि थबकली.

कागद जुना होता. म्हणजे चुकीच्या आठ आकड्यांनी भागलं गेलं. आकडे कसेही उधळलेले, तेव्हा ठिपके मोडक्या फणीच्या दातांसारखे दिसायला हवे होते, एक वर, एक खाली. ते एका रेघेत आलेच कसे? एकाच प्रकारे येऊ शकतात. कुणीतरी ते जुने आकडे समोर ठेवून एकेक ठिपका सहा महिने घासून गुळगुळीत केला असेल तर.

आणि कपाटाची किल्ली तिच्याशिवाय फक्त एकाकडे गेली होती.

ती भाऊच्या खोलीत गेली. तो कुणाशी तरी फोनवर हसत होता. तिला पाहून त्यानं फोन ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली, नेहमीसारखी.

"पाकिटातली यादी जुनी होती," ती म्हणाली. "नवी माझ्या वहीत राहिली."

सव्वीस वर्षांपूर्वीचा घसा त्याचा पुन्हा अडखळला.

"तर मग रेघ इतकी सरळ कशी आली रे?"

त्यानं पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. मग म्हणाला, "मी पाकीट फाडलं नाही, ताई."

"मग काय केलंस?"

"उजेडात धरलं. खिडकीशी. एकदाच."

"मी तिकडे बाकावर बसले होते तेव्हा."

"आकडा एकही बदलला नाही मी," तो घाईनं म्हणाला. जिथे थांबावं की पुढे जावं असा प्रश्न होता तिथेच फक्त, जरा इकडे, जरा तिकडे. उंचवटा आहेच, तो फक्त दिसत नव्हता, आणि वय निघून चाललंय. असं बरंच काही. ताईनं सगळं ऐकून घेतलं. रडला असता तर तिनं त्याला पाणी दिलं असतं, अशी ती बाई. पण तो रडला नाही, समजावत राहिला.

शेवटी ती म्हणाली, "उद्या सकाळी बैठक आहे. यादी चुकली ते माझं मी सांगते. बाकीचं तू सांग. तुझ्या तोंडानं. मी बोलणार नाही."

"सांगतो. शप्पथ, ताई."

घरी तिनं नवऱ्याला मोजकंच सांगितलं. त्यानं सुईत दोरा ओवता ओवता विचार केला आणि म्हणाला, "सांगेल गं तो. आपलाच आहे." ताईलाही तसंच वाटत होतं. वाटत नसतं तर ती झोपली नसती, आणि त्या रात्री तिला चांगली झोप लागली.

सकाळी ती बैठकीत पोचली तेव्हा भाऊ आधीच उभा होता, प्रोजेक्टर चालू. त्यानं अतिशय मायेनं सुरुवात केली. एक वाईट बातमी आहे, पण कुणी कुणाला दोष देऊ नये. ताईंच्या हातून अनवधानानं जुनी यादी पाकिटात राहिली. त्या काळात त्यांच्या घरी आजारपण होतं, दवाखान्याच्या फेऱ्या, आणि आता वयही. आपण सगळ्यांनी त्यांना सांभाळून घ्यायला हवं. आता खरे आकडे हाताशी आहेत, तर ते लावू या, आणि ठिपके विस्कटलेच तर आपले निर्णय पुन्हा एकदा मोकळ्या मनानं तपासू या.

आणि खाली बसला.

ताई वाट पाहत राहिली. अजून बोलेल, घोटभर पाणी पिऊन बोलेल. त्यानं पाण्याचा पेला उचलला, प्यायला, खाली ठेवला आणि कागद चाळायला लागला. दोघा-तिघांनी ताईकडे वळून ओशाळवाणं, समजूतदार हसू हसून घेतलं, आजारी माणसाकडे बघून हसतात तसं. नवऱ्याच्या टाक्यांचा त्यानं असा उपयोग केला. त्याच नवऱ्यानं शिवलेल्या शर्टात उभं राहून.

ती उठली. आवाज साधा होता. "चूक माझीच आहे," ती म्हणाली. "मला फक्त कुणीतरी एवढं समजावून सांगा. काल आपण चुकीच्या आकड्यांनी भागलं, तरी रेघ सरळ आली. आज बरोबर आकड्यांनी भागून बघा."

उपप्रमुखांनी नवे आकडे घातले. पडद्यावर मोडकी फणी उमटली. उंचवटा खड्ड्यात गेला, शेजारचा ठिपका आढ्याला. ज्यांना सगळं उशिरा कळतं त्या उपप्रमुखांना सगळ्यात आधी कळलं. त्यांनी चष्मा काढला आणि भाऊकडे न बघता तो रुमालानं पुसत बसले.

संचालकबाईंनी सरळ विचारलं, "कपाटाची किल्ली तुमच्याकडे कधी होती का?"

भाऊ म्हणाला, "ताईंनीच दिली होती."

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. पाकीट उजेडात धरलं ते ताईला निदान माणसाची हौस म्हणून कळू शकलं असतं. हे उत्तर तिला कळलंच नाही. ती बसली, समोरचं बिस्कीट उचललं, आणि खायचं विसरून हातातच धरून राहिली. चुरा स्वेटरवर सांडला तेव्हा शेजारच्या कुणीतरी तो झटकला.

शिक्षा वगैरे कुणाला झाली नाही. संस्थांना ओरडून बोलायची सवय नसते. निबंध पाठवायचा थांबला. मोजणीचे सगळे निर्णय उपप्रमुखांकडे गेले, नवे आकडे निघाले, पाकीट काळ्या जाड कागदात गुंडाळून संचालकबाईंच्या तिजोरीत गेलं, आणि सात महिने काम पहिल्यापासून झालं. उत्तर आलं ते असं: उंचवटा नाही. साधा, आळशी उतार, आणि त्यावर कमीजास्त इतकं रुंद की त्यात उंचवटाही मावेल आणि खड्डाही. तो ऐवज तिथे एकदम पालटतो की नाही, हे आम्हाला अजून सांगता येत नाही, एवढंच प्रामाणिकपणे लिहायचं ठरलं.

साक्षीच्या ओळीसाठी कागद ताईकडे आला. तिनं नेहमीची ओळ खोडली आणि लिहिलं: "पहिल्या वेळी पाकीट माझ्याकडून नीट सांभाळलं गेलं नाही आणि ते वेळेआधी वाचलं गेलं. दुसऱ्या वेळी ते बंद होतं." खाली सही.

भाऊचा फोन आला. पहिलं वाक्य ठेवायलाच हवं का? लोक विचारतील, कुणी वाचलं. ती म्हणाली, हवं. तो म्हणाला, ताई, यात तुमचंही नाव खराब होतंय. ती म्हणाली, "माझं झालं तेवढं मी लिहिलंय." निबंध त्या ओळीसकट छापून गेला. समीकरणं किती जणांनी वाचली माहीत नाही, ती ओळ मात्र सगळ्यांनी वाचली. चहाच्या टेबलावर महिनाभर दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणालं बाईनं सूड घेतला, कुणी म्हणालं बाईनं पांघरूण घातलं, आणि दोन्ही बाजू सारख्याच उत्साहात होत्या.

भाऊ अजून प्रमुख आहे. जिन्यात भेटला की ताई म्हणतो. ती त्याला सर म्हणते आणि अंग चोरून वर जाते. त्याच्या घराची किल्ली तिनं पाकिटात घालून, झडपेवर सही करून, शिपायाहाती पाठवली. तिच्या घराची किल्ली त्यानं परत केली नाही, आणि तिनं मागितली नाही. कुलूपच बदललं.

आता कपाटाची किल्ली तिच्या कमरेला असते. न्हाणीघरातही. शेजारणींनी त्याचाही आजार केला आहे.

परवा नवऱ्याला फेरतपासणीला जायचं होतं. दवाखान्याची फाइल घरच्या कपाटात, आणि तीही किल्ली आता हिच्याच कमरेला. तो दारातून म्हणाला, "किल्ली दे गं जरा."

"कशाला?" ती म्हणाली.

तीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेला होता. तिचा तिलाच तो ऐकू आला आणि ती जागच्या जागी उभी राहिली. शिंप्यानं गळ्यातली टेप काढली, तिची नीट गुंडाळी केली, खिशात ठेवली. रागावला नाही. म्हणाला, "चल, तूच उघड. मी फाइल घेतो."

तिनं कमरेची किल्ली सोडवायला घेतली. दोऱ्याची गाठ घट्ट बसली होती, सुटेना. तो जवळ आला, वाकला, आणि दातांनी दोरा सोडवायची सवय असलेला तो माणूस निमूटपणे ती गाठ सोडवू लागला.